लग्नाचं फुटेज, व्हॅलोरंट आणि दीड लाख : कोटेशनला हो म्हणण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकच्या सिडकोत राहता, सोनी ए७ फोरवर लग्नं शूट करता आणि प्रीमियरमध्ये एडिट करता. थ्रीडीसाठी ब्लेंडर नुकतंच शिकायला घेतलंय. रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळता आणि सवड मिळाली की सायबरपंक. सध्याच्या लॅपटॉपवर ४के टाइमलाइन अडखळत चालते, म्हणून दीड लाखात पीसी असेंबल करायचा आहे. दुकानातून आलेलं कोटेशन असं : कोअर आय७ १४७००एफ, एच६१० बोर्ड, १६ जीबीची एकच रॅम, आरटीएक्स ४०६० ८ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, समोर काच आणि रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट, आणि शेवटी, मशीनला वीज पुरवणाऱ्या भागासाठी, नुसतं ‘एसएमपीएस ६०० वॉट’. त्यावर तुम्ही विचारताय, ‘आय७ ठेवू की रायझन घेऊ?’ म्हणजे प्रोसेसर इंटेलचा की एएमडीचा.

मी गेली बरीच वर्षं नाशिकमध्ये स्टुडिओवाले, आर्किटेक्ट आणि कॉलेजची मुलं यांच्यासाठी मशीन जुळवतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचं अडलंय ते आय७ की रायझन यावर नाही. कॅमेऱ्यातून निघणारी फाइल या कोटेशनमधला कुठलाच भाग नीट उलगडू शकत नाही, खरी अडचण ती आहे. प्रोसेसरचं नाव मोठं आहे आणि पैसेही बरेच तिथेच गेलेत. पण लॅपटॉपवर जे अडकतंय, ते या मशीनवरही अडकण्याची शक्यता दाट आहे. असं का, ते नीट सांगतो, कारण बाकीची निवड त्यावरच उभी आहे.

ए७ फोर १० बिट ४:२:२ मध्ये रेकॉर्ड करू शकतो, आणि कलर ग्रेडिंग करणारे बहुतेक जण तेच सेटिंग वापरतात. ४:२:२ म्हणजे रंगाची माहिती नेहमीच्या ४:२:० पेक्षा जास्त साठवलेली असते. हळदीच्या कार्यक्रमात सगळीकडे पिवळंच पिवळं असतं, त्यात चेहऱ्याचा रंग वेगळा काढायचा तर ही जास्तीची माहिती कामी येते. अडचण अशी की मोबाइल, यूट्यूब, ओटीटी सगळीकडे ४:२:० चालतं, त्यामुळे ग्राफिक्स कार्डांमधलं व्हिडिओ उलगडण्याचं सर्किट वर्षानुवर्षं तेवढ्यासाठीच बनत आलं. आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतची एनव्हिडियाची कार्डं ४:२:२ हार्डवेअरमध्ये उलगडत नाहीत. इंटेलच्या प्रोसेसरमधलं इनबिल्ट ग्राफिक्स, ज्याला क्विक सिंक म्हणतात, ते एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून साठवायच्या नव्या पद्धतीचं १० बिट ४:२:२ उलगडतं. पण मॉडेलच्या शेवटी एफ असला की त्या प्रोसेसरमध्ये इनबिल्ट ग्राफिक्स बंद असतं. म्हणजे तुमच्या कोटेशनमध्ये १४७०० च्या पुढे एफ आणि सोबत ४०६०, दोन्ही दारं बंद. मग सगळा भार २० कोअरवर पडतो आणि ते नुसत्या ताकदीने फ्रेम उलगडत बसतात. वीस आचारी हाताशी असून घरात विळी नसावी, तशी गत.

आरटीएक्स ५० मालिकेत एनव्हिडियाने हे सर्किट बदललं. ही कार्डं जुनी एच.२६४ पद्धत आणि एचईव्हीसी, दोन्हींचं ४:२:२ हार्डवेअरमध्ये उलगडतात आणि २०२५ मध्ये प्रीमियरनेही त्याला आधार दिला. तुमच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण सोनीच्या मेनूमधलं एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४ आणि एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एचईव्हीसी. लग्नवाले बहुतेक २५ फ्रेमवर एक्सएव्हीसी एस वापरतात. नुसत्या क्विक सिंकच्या भरवशावर राहायचं तर कॅमेऱ्यात एचएस निवडावं लागेल. ५० मालिकेचं कार्ड असेल तर ती अट उरत नाही, आणि मग प्रोसेसर इंटेलचा आहे की एएमडीचा याने टाइमलाइनला फारसा फरक पडत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवण्याआधी हे तुमच्याच लॅपटॉपवर तपासून बघा. प्रीमियरमध्ये कॅमेऱ्याची एक क्लिप टाइमलाइनवर टाका, कुठलाही इफेक्ट न लावता प्ले करा आणि बाजूला टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर, क्लिक केलं की चार-पाच छोटे आलेख दिसतात, त्यात एक व्हिडिओ डिकोडचा असतो. क्लिप चालू असताना तो शून्याला चिकटून बसला आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ९०-१०० टक्क्यांवर गेला, तर फाइल हार्डवेअरमध्ये उलगडत नाहीये. डिकोड हलतोय, सीपीयू निवांत आहे आणि तरीही क्लिप अडकतेय, तर डिस्क किंवा रॅम बघायची. डिस्कचा आलेख १०० टक्क्यांवर असेल तर तुम्ही बहुधा बाहेरच्या हार्ड डिस्कवरून थेट एडिट करताय. एवढं बघायला काही मिनिटं लागतात आणि दीड लाख कुठे घालायचे ते त्यातून कळतं. माझ्याकडे कुणी नवीन मशीनसाठी आलं की पहिलं काम हेच करतो. मागच्या सीझनचं एखादं खरं प्रोजेक्ट घेऊन यायला सांगतो आणि ते कुठे गुदमरतं ते दोघं मिळून पाहतो.

एक गोष्ट खरेदीआधीच सांगायला हवी. नुसती टाइमलाइन गुळगुळीत करायची असेल तर प्रॉक्सी बनवणं हा बिनपैशांचा उपाय आहे. प्रीमियर रात्रभर सगळ्या क्लिपच्या हलक्या प्रती बनवून ठेवतो, तुम्ही त्यांवर एडिट करता आणि एक्सपोर्टच्या वेळी मूळ फाइल वापरली जाते. सीझन ऐन भरात असेल आणि हातात दोन-तीन लग्नं असतील तर घाईने पीसी घेऊ नका. प्रॉक्सीवर काम उरका, पैसे घेऊन सावकाश खरेदीला या. घाईत दुकानात जे पडून असेल तेच गळ्यात पडतं.

आता ग्राफिक्स कार्ड. तुमच्या कामासाठी मी आरटीएक्स ५०६० टीआय सुचवेन आणि तेही १६ जीबीचंच. त्याच नावाचं ८ जीबीचं कार्डही मिळतं, तेव्हा कोटेशनवर आकडा लिहून घ्या. ८ जीबी का नको, तर कारण एक नाही, तीन आहेत. ब्लेंडरचा सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही की तो सिस्टीमच्या रॅमवर सांडतो आणि रेंडर रेंगाळतं. रिसेप्शनच्या अंधुक फुटेजमधला नॉइज काढायला डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरकडे वळलात तर ४के वर ८ जीबी चटकन भरते. आणि सायबरपंकसारखा गेम रे ट्रेसिंगसह १४४०पी वर चालवायचा तर तिथेही ८ जीबीत कोंडी होते. प्रोसेसर पुढेमागे बदलता येतो, कार्डाची मेमरी मात्र नंतर वाढत नाही.

एएमडीच्या रॅडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबीबद्दल दुकानात नक्की ऐकाल. नुसत्या गेमिंगसाठी ते चांगलं कार्ड आहे आणि ज्याला फक्त खेळायचंय त्याला मी ते आनंदाने देतो. पण ते ४:२:२ उलगडत नाही, आणि ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये एनव्हिडियाचं ऑप्टिक्स हे तंत्र अजून पुढे आहे. तुमचं पोट लग्नाच्या कामावर आहे, म्हणून इथे मी एनव्हिडियाच्या बाजूने आहे. तुम्ही ४:२:० मध्ये शूट करत असतात तर हे उत्तर बदललं असतं.

प्रोसेसरमध्ये रायझन ५ ७६०० किंवा ९६००एक्स पुरेसा आहे. पैसे उरले तर ८ कोअरचा रायझन ७ ७७००. व्हॅलोरंट हा गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर चालतो, आणि यातला कुठलाही १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला पुरून उरतील इतक्या फ्रेम देतो. एक्स३डीवाले प्रोसेसर मित्र सुचवतील. त्यांची जास्तीची कॅश, म्हणजे प्रोसेसरमधली झटपट मेमरी, गेममध्ये खरोखर उपयोगी आहे, पण एडिटिंगला त्याचा फायदा जवळजवळ नाही, आणि तेवढ्या पैशात तुमची एसएसडी दुप्पट होते.

इंटेल घ्यायचाच असेल तर बिनएफचा घ्या, म्हणजे क्विक सिंक हाताशी राहील. मात्र त्याचं एलजीए १७०० सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा, १४ व्या पिढीपाशी संपलं, त्या बोर्डवर पुढे चढायला पायरी नाही. एएमडीने आपल्या एएम५ सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही आधार देऊ असं जाहीर केलंय, म्हणजे तीन-चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून भागू शकतं. शिवाय १३ व्या-१४ व्या पिढीच्या वरच्या इंटेल प्रोसेसरमध्ये व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होण्याची समस्या निघाली होती आणि १४७००एफ त्या यादीत आहे. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम, दुरुस्त केला आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. म्हणून असा प्रोसेसर कुणी घेतला असेल तर घाबरायचं कारण नाही, पण बोर्डचं बायोस, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, ताजं केल्याशिवाय त्यावर एकही रेंडर लावू नका. आणि १४७००एफ पूर्ण भारावर २०० वॉटच्या वर वीज ओढू शकतो. त्याला एच६१० सारख्या बोर्डवर बसवलं तर लांब एक्सपोर्टमध्ये बोर्डच तापतो आणि प्रोसेसरचा वेग उतरतो. म्हणजे २० कोअरचे पैसे मोजायचे आणि चालवायचे निम्म्या जोमाने.

बोर्ड म्हणून चांगल्या कंपनीचा बी६५० पुरे. त्यात एसएसडी बसवायचे दोन एम.२ स्लॉट, प्रोसेसरजवळच्या पॉवर भागावर धातूचे हीटसिंक आणि शक्यतो पेनड्राइव्हवरून बायोस चढवायची सोय एवढं बघा. ९६००एक्स घेतलात तर ही सोय उपयोगी पडते, कारण दुकानात पडून असलेल्या जुन्या स्टॉकचा बोर्ड नवीन प्रोसेसर ओळखत नाही.

रॅमबद्दल मन घट्ट करावं लागेल. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीने रॅमचे आणि पाठोपाठ एसएसडीचे भाव भडकले. म्हणून या उत्तरात मी रुपयांचे आकडे देतच नाही, आज लिहिलेला भाव पुढच्या आठवड्यात टिकत नाही. तरीही प्रीमियर, मागे ब्राउझर आणि कधी आफ्टर इफेक्ट्स असं चालवायला ३२ जीबी लागतेच, आणि ती १६ च्या दोन अशीच घ्यावी. एकच दांडी टाकली की मेमरीचा रस्ता निम्मा होतो आणि ते व्हॅलोरंटच्या फ्रेममध्ये लगेच जाणवतं. चार दांड्या भरू नका, डीडीआर५ चार दांड्यांवर वेग खाली आणते. रायझनसाठी ६००० वेगाचा किट बघा आणि मशीन जुळल्यावर बायोसमध्ये एक्स्पो, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग, चालू करायला विसरू नका. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी मशीनमध्ये ते बंदच असतं आणि मालकाने पैसे मोजलेला वेग कधी वापरलाच गेलेला नसतो. बजेट अगदीच ताणलं तर कॅबिनेट, पंखे, प्रोसेसरची पायरी यातून कापा, रॅम आणि कार्डातून नको.

साठवण हा भाग कोटेशन बनवणारे सर्वांत कमी गांभीर्याने घेतात, म्हणून हिशेबच मांडतो. ४के २५ फ्रेमला १० बिट ४:२:२ चा दर १४० मेगाबिट प्रति सेकंद आहे. आठने भागलं की सेकंदाला साडेसतरा मेगाबाइट, म्हणजे तासाला ६३ जीबी. ५० फ्रेमवर दर २०० होतो, म्हणजे तासाला ९० जीबी. दोन कॅमेरे, प्रत्येकी तीन-चार तासांचं रेकॉर्डिंग, वर ड्रोन. साखरपुड्यापासून वरातीपर्यंत एका लग्नाचं ४००-५०० जीबी सहज होतं. कोटेशनमधल्या ५१२ जीबीत विंडोज, प्रीमियर आणि दोन गेम टाकल्यावर एक लग्नसुद्धा मावत नाही.

माझी मांडणी अशी असते. विंडोज, सॉफ्टवेअर आणि गेमसाठी १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे एम.२ स्लॉटमध्ये बसणारी वेगवान एसएसडी. चालू कामासाठी दुसरी, २ टीबीची. संपलेल्या कामासाठी ३.५ इंचाची हार्ड डिस्क, ४ टीबी किंवा जास्त. दोन एसएसडी एकदम परवडत नसतील तर सुरुवातीला एकच २ टीबीची घ्या आणि दुसरा स्लॉट मोकळा ठेवा. वेगाच्या आकड्यांमागे धावू नका. सेकंदाला साडेसतरा मेगाबाइटच्या दोन-तीन क्लिप एकत्र चालवायला जेन ३ ची, म्हणजे जुन्या पिढीची, सेकंदाला ३५०० मेगाबाइटवाली एसएसडीही पुरून उरते. जेन ५ च्या नादाला तर लागूच नका. त्यापेक्षा आतली मेमरी टीएलसी प्रकारची आहे की क्यूएलसी ते विचारा. क्यूएलसी एसएसडीवर एकदम ४०० जीबी कॉपी करायला घेतले की तिच्यातली वेगवान जागा भरते आणि वेग कोसळतो. लग्नाच्या रात्री दोन वाजता कार्डं रिकामी करताना त्याचा खरा त्रास होतो.

आणि दोन वेगळ्या डिस्कवर प्रत पोचल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नका. गेम पुन्हा डाउनलोड होतो, कन्यादान पुन्हा होत नाही. बाहेरची एक साधी यूएसबी हार्ड डिस्क मी याच बजेटचा भाग धरतो.

आता कोटेशनमधली सगळ्यात धोक्याची ओळ, ‘एसएमपीएस ६०० वॉट’. कंपनी नाही, मॉडेल नाही. असं कोटेशन माझ्यासमोर आलं की मी बाकीचं वाचायच्या आधी तिथे थांबतो. नाव नसलेल्या एसएमपीएसवरचा आकडा हा बहुतेक वेळा नुसता स्टिकर असतो. ओव्हरलोड, शॉर्ट सर्किट, जास्त व्होल्टेज यांपासूनचं संरक्षण त्यात नसलं तर तो जाताना बोर्ड आणि कार्ड घेऊन जातो. हिशेब पाहा. रायझन ५ ७६०० सुमारे ९० वॉट, ५०६० टीआय १८० वॉट, बोर्ड, डिस्क, पंखे मिळून ५०-६०. एकूण साधारण ३३० वॉट. त्यासाठी नामांकित कंपनीचा ६५० वॉट पुरेपूर आहे, ८५० ची गरज नाही. ८० प्लस ब्रॉन्झ किंवा गोल्ड हा शिक्का फक्त वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतल्या मालाची हमी देत नाही. म्हणून वॉरंटी बघा. जी कंपनी एसएमपीएसवर ५ किंवा ७ वर्षं देते, तिला स्वतःच्या मालाची खात्री असते.

त्याच्या जोडीला घरातली वीज. मशीन घरी नेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून त्या पॉइंटचं अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटरने दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवलं तर आधी ते दुरुस्त करा. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ही तक्रार घेऊन लोक माझ्याकडे मशीन आणतात आणि दोष भिंतीत निघतो. मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू झाला की विजांच्या कडकडाटात लाइट येते-जाते, तेव्हा एक्सपोर्ट अर्ध्यावर असतो. ६०० व्हीएच्या यूपीएसवर साधारण ३६० वॉटच मिळतात, तो तुमच्या मशीनला काठावर पडेल. १००० ते ११०० व्हीए घ्या. स्वस्त यूपीएस शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी सलग लाट, देत नाहीत आणि लाइट गेल्यावर काही एसएमपीएस त्यावर जाताना बंद पडतात. म्हणून घेतल्याच्या पहिल्याच दिवशी गेम चालू ठेवून भिंतीवरचा स्विच बंद करून बघा, बदलून घ्यायची मुदत असतानाच. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो साइन वेव्हचा हवा आणि मागचं बटण यूपीएस मोडवर हवं.

कॅबिनेटला समोर जाळी हवी, काच नको. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी ओलांडतो आणि स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळपर्यंत भट्टी होते. खोली दहा अंशांनी तापली की आतले भागही जवळपास तेवढेच तापतात, पंख्याला हवाच गरम मिळते. समोर काच असेल तर पंखे नुसते फिरतात, ओढायला हवा नसते. पुढे दोन, मागे एक पंखा एवढं पुरे. सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात रस्ते खणलेत आणि धूळ पूर्वीपेक्षा जास्त आहे, तेव्हा जाळीमागे काढून धुता येईल असा फिल्टर असू द्या. ७६०० बरोबर पंखा येतो आणि तो काम भागवतो, पण आवाज करतो. साधा एका टॉवरचा एअर कूलर घातला की शांत. ९६००एक्सबरोबर कूलर येत नाही, तो वेगळा धरा. वॉटर कूलिंगचे पैसे या मशीनवर वाया जातील.

मॉनिटरवर तुमचं काय ठरलंय ते प्रश्नात नाही. २७ इंची, १४४०पी, आयपीएस, १४४ हर्ट्झ किंवा जास्त, आणि एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्याचे १०० टक्के, हा एडिटिंग आणि गेमिंग दोन्हींचा मेळ आहे. आयपीएसऐवजी व्हीए प्रकारच्या पॅनलवर काळा रंग छान दिसतो, पण मान जराशी हलली की रंग बदलतो आणि नवरीच्या शालूचा लाल नेमका कुठला हे कळत नाही. तुमचा व्हिडिओ शेवटी टीव्ही आणि यूट्यूबवरच पाहिला जाणार, त्यामुळे त्याहून महागड्या रंगपट्ट्याची गरज नाही.

तेव्हा नवीन कोटेशन मागताना असं सांगा : रायझन ५ ७६०० किंवा ९६००एक्स, बी६५० बोर्ड, डीडीआर५ ६००० ची १६ च्या दोन, आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, २ टीबी टीएलसी एनव्हीएमई, ४ टीबी हार्ड डिस्क, कंपनी आणि मॉडेलसह ६५० वॉट एसएमपीएस, जाळीचं कॅबिनेट. एकूण रकमेतला ३५ ते ४० टक्के हिस्सा कार्डावर जातोय आणि प्रोसेसरवर १५ च्या आसपास, असं दिसलं तर समतोल बरोबर आहे. प्रोसेसरचा हिस्सा कार्डाच्या जवळ पोचला की समजा गणित पुन्हा तुमच्या मूळ कोटेशनकडे झुकलंय.

कुठून घ्यायचं यावर लोक माझ्याशी वाद घालतात. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतून माल घेऊन संध्याकाळी परत, हे अजूनही बरेच जण करतात आणि भावात फरक पडतोही. ऑनलाइनही पडतो. माझं मत असं की कार्ड, बोर्ड आणि एसएमपीएस शक्यतो इथून घ्यावेत, थोडे जास्त गेले तरी चालतील. बिघडतात तेच, आणि तेव्हा समोर उभं राहून बोलायला माणूस हवा. रॅम, एसएसडी कुठूनही घ्या, ती कुरियरने बदलून येते. कंपनीचं सर्व्हिस सेंटर किंवा माल स्वीकारणारं केंद्र नाशिकमध्ये आहे का, ते कंपनीच्या साइटवर स्वतः बघा. प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर छापलेलं जीएसटी बिल घ्या. बिनबिलाचा माल स्वस्त पडतो, पण कार्ड दुसऱ्या वर्षी गेलं की वॉरंटीसाठी दाखवायला हातात काही नसतं. तुमची जीएसटी नोंदणी नियमित योजनेत असेल तर बिल फर्मच्या नावाने घ्या, १८ टक्के कर क्रेडिटमध्ये मिळतो. या एका गोष्टीने ८ आणि १६ जीबीमधला फरक भरून निघू शकतो. सीएला विचारून घ्या.

जुळवणी स्वतः करणार असाल तर अवश्य करा, अवघड नाही. फक्त काही जागा जपा. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डच्या सॉकेटमध्ये असतात. त्या वाकल्या तर वॉरंटीत कुणी घेत नाही, म्हणून प्रोसेसर वरून सरळ ठेवायचा, दाबायचा नाही. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. थंडीत आपल्याकडे हवा कोरडी असते, कामाआधी कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज सोडा. जुन्या मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलच्या, एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका. प्लग सारखा दिसला तरी आतली जोडणी वेगळी असते आणि डिस्क एका क्षणात जळते. सगळं कॅबिनेटमध्ये कसण्याआधी बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून एकदा चालू करून बघा. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, तेव्हा बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो. अनेक जण तिथेच घाबरून स्विच बंद करतात. थांबा. आणि मॉनिटरची केबल बोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डला लावा. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची सेटिंग लागतात, दोन्ही बायोसमध्ये चालू करून मगच विंडोज टाका.

दोन गोष्टी कळवा. दीड लाखात मॉनिटर, यूपीएस धरलेत की ते वेगळे आहेत? धरले असतील तर ७६०० वरच थांबावं लागेल आणि हार्ड डिस्क पुढच्या सीझनच्या पहिल्या ॲडव्हान्समधून घ्यावी लागेल. आणि कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन फाइल फॉरमॅट आणि रेकॉर्ड सेटिंग काय आहे ते बघा. तिथे ४:२:० निघालं, तर वर नको म्हटलेलं ९०६० एक्सटी पुन्हा विचारात घेता येईल, आणि त्यातून वाचलेले पैसे मी दुसऱ्या एसएसडीत घालेन.